अकरावं रीळ

कात्री चालवणारा माणूस म्हणलं की लोकांना एक तर न्हावी आठवतो, न्हाईतर शिंपी. मी तिसरा. मंठ्याच्या पत्र्याच्या टॉकीजात एक्क्याऐंशी सालापासून ते टॉकीजला कुलूप लागेपर्यंत, म्हणजे वीस-बावीस वर्षं, मी ऑपरेटर होतो. आमचे सोयरे अजून म्हणतात, "पाव्हणं, तुमची बाकी मज्जाच होती. फुकटात सिनेमे!" मज्जा! एप्रिल-मेमध्ये तापल्या पत्र्याखाली दोन तापलेल्या मशिनींच्या मधी उभं राहून बघा एकदा, मंग मला मज्जा सांगा.

ज्यांनी कॅबिन आतून बघितलेली न्हाई त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिनेमा एका तुकड्यात येत नसायचा. पत्र्याच्या पेटीत सोळा-सतरा गोल डबे, एकेका डब्यात एक रीळ, अन् एक रीळ साधारण दहा मिनिटांचं. मशिनी दोन. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ठिपका येतो. तो दिसला की दुसरी मशीन चालू करायची. बराबर जमलं तर खाली बसलेल्याला काहीच कळत न्हाई. न्हाई जमलं तर आपल्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आता कात्रीचं. मंठ्याचा आठवडी बाजार मोठा. खेड्यापाड्यातली माणसं सकाळी येऊन आपला माल विकायची, अन् दुपारी तीनच्या खेळाला यायची. पण त्यांची शेवटची एसटी सहाला. सिनेमा लांबला की गाडी चुकणार, अन् शेवट न बघता उठायला तर कुणीच तयार नसायचं. त्यामुळं बाजाराच्या दिवशी खेळ पावणेसहाला संपलाच पाहिजे, हा आमच्या टॉकीजचा कायदा. टॉकीजचे मालक, आमचे शेठ, त्या दिवशी सकाळी कॅबिनमध्ये डोकवायचे. "काय रे, आज काय काढायचं?" जसं काही शेतातलं गवतच काढायचंय. ह्या कामाला आमच्यात नावच पडलं होतं, बाजाराची कात्री.

काय काढायचं ह्यात माझी अक्कल. गाणं काढलं तर लोक खुर्च्या मोडायचे. मारामारी काढली तर मला मारायला यायचे. मी शक्यतो उपदेश काढायचो. बापानं पोराला केलेला उपदेश गेला, तर एकाही प्रेक्षकाला चुकल्यासारखं वाटत न्हाई. एकदा मात्र फसलो. उपदेश म्हणून जे काढलं त्यात खलनायक हा हिरोचा सख्खा भाऊ असल्याचं सांगितलेलं होतं. शेवटी दोघं गळ्यात पडून रडायला लागले. दुसऱ्या बाजारी तळणीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला चहाच्या गाड्यावर गाठलं. "आपरेटर, ह्यो त्याचा भाऊ कवा झाला वो?"

म्हणलं, "तुम्ही झोपल्ते."

"म्या बिलकुल न्हाई झोपलो. तुमीच निजले आसाल वर!"

वीस वर्षांत मी न कापता दाखवले असे सिनेमे फक्त एका दिग्दर्शकाचे. त्यांचं नाव लिहीत न्हाई, कारण त्यांना विचारलेलं न्हाई. ते आज हयात हायेत का तेही मला ठाऊक न्हाई. फिल्मवाले त्यांना आबा म्हणायचे, मीही आबाच म्हणतो. त्यांचा पहिला सिनेमा आमच्याकडं आला तो मी लागलो त्याच वर्षी. एकाच घरातल्या दोन जावा, बारा वर्षं एकमेकींशी बोलत न्हाईत. एकाच विहिरीवर पाणी भरतात, पण बोलत न्हाईत. शेवटी थोरलीला हंडा उचलवत न्हाई, तेव्हा धाकटी येते, गुपचूप हंडा तिच्या डोक्यावर ठेवते अन् निघून जाते. बस, सिनेमा संपला. आमच्या पत्र्याखाली त्या दिवशी बाजाराची गर्दी होती, अन् एक माणूस जागचा हलला न्हाई. दारावर तिकिटं फाडणारे आमचे रहीमचाचा, ज्यांनी आयुष्यात हजारो खेळ उभ्यानं बघितले, ते वर येऊन म्हणले, "क्या आदमी है रे! एक हंडे पे रुला दिया."

मी आबांना पत्र लिहिलं. दहावी नापास माणसाचं पत्र, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. तरी उत्तर आलं. चारच ओळी होत्या, अन् त्या मला आजही पाठ हायेत. "सिनेमा आम्ही करतो, पण लोकांपुढं तो तुम्ही नेता. सांभाळून न्या." तेव्हापासून आबांचा सिनेमा असला की बाजाराच्या दिवशी मी खेळ अडीचलाच सुरू करायचो. शेठ कुरकुर करायचे. पण पूर्ण सिनेमा बघून लोकांना गाडीही मिळायची. पुढचे दोन्ही सिनेमे मी तसेच नेले.

मंग पाच-सहा वर्षं आबांचं काहीच आलं न्हाई. लोक विसरले. मी न्हाई विसरलो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला शेठनं सांगितलं की आबांचा नवा येऊन राह्यला, तेव्हा मी घरी जाऊन बायकोला म्हणलं, "शुक्रवारी नवं लुगडं नेस." एसटीच्या टपावरून पेटी आली, ती मी हमालाला हात लावू न देता स्वतः आणली. सगळी रिळं हातानं फिरवून तपासली, पुसली. इतका हुरूप मला माझ्या लग्नातही नव्हता.

शुक्रवारी तीनचा खेळ. आबांचं नाव पडद्यावर आलं तेव्हा मी कॅबिनमधून एकटाच टाळ्या वाजवल्या. अन् पुढं काय बघतो? हिरो चकचकीत कपडे घालून धबधब्यात नाचून राह्यलाय. मंग एक विनोदी हवालदार, सारखा धोतर सुटणारा. मंग पुन्हा नाच. मला वाटलं, पेट्यांची अदलाबदल झाली. आपल्या घरचा शहाणा, शब्दाला वजन असलेला माणूस भर लग्नात पिऊन नाचायला लागावा, तसं झालं मला. बघवेना, अन् तिथून हलताही येईना.

लोक पहिल्यांदा हसले, शिट्ट्या मारल्या, इथवर ठीक. पण इंटरवलनंतर अकरावं रीळ लागलं, अन् सिनेमा एकदम थांबल्यासारखा झाला. एक खोली. खिडकीपाशी खाट. खाटेवर आजारी बाई, केस पिकलेले, चेहरा हाडांना चिकटलेला. अन् पाठीमागून कुणीतरी तिची वेणी घालून राह्यलंय. त्या माणसाचं तोंड दिसत न्हाई, फक्त हात. ना गाणं, ना मारामारी. दहा मिनिटं हेच. धबधब्यावर शिट्ट्या मारून तापलेली पब्लिक, तिला हे कसं पचणार? "ए आपरेटर, झोपला का?" "म्हातारीला उचला रे!" "पुढं ढकल!" कुणीतरी पडद्यावर चप्पल फेकली. ती त्या बाईच्या तोंडावर बसली. रहीमचाचा धापा टाकत जिना चढून आले. "बेटा, लोगां उठ के जा रहे. जल्दी कुछ कर."

खरं सांगतो, लपवायचं काय आता, मला आबांचा राग आल्ता. मला तो भाग स्वतःलाही आवडला न्हाई. मला वाटलं, म्हातारपणी माणसाचा हात गेला. धड नाचाचा सिनेमा न्हाई, धड आबांचा न्हाई. रात्री जेवताना बायको म्हणाली, "मधे लई लांबलं वो," अन् मी तिच्यावरच खेकसलो.

पण राग एकीकडं अन् आबा एकीकडं. त्यांच्या नावानं पोरं शिट्ट्या मारतात हे मला सहन होईना. सांभाळून न्या, म्हणल्ते ना? मंग सांभाळतो, म्हणलं. शनिवारी मी अकरावं रीळ चढवलंच न्हाई. दहाव्याच्या शेवटी निरोप येतो की बाई खाटेला खिळली, अन् बाराव्याच्या सुरुवातीला तिचा नवरा एकटाच एसटीतून उतरतो. मधलं न दाखवता कळतंय की, ती गेली. मी अकराव्याचा डबा बंद केला अन् पायापाशी सरकवून ठेवला.

सिनेमा चालला. कुणी उठेना. धबधबा चालला, हवालदार चालला. ऐकायला येत होतं की जालन्याला चार दिवसांत उतरला, परभणीकडं तर तीनच. मंठ्याला दुसरा आठवडा लागला, मंग तिसरा. शेठ माझ्या पाठीवर थाप मारायचे. अन् मी, मूर्ख माणूस, छाती काढून फिरत होतो की साऱ्या मुलखात आबांची अब्रू राखली ती मी एकट्यानं.

तिसऱ्या आठवड्यातला बाजार. तीनचा खेळ गच्च भरलेला. इंटरवलला शेठ पळत वर आले. एवढ्या वजनाचा माणूस जिना पळत चढलेला मी त्या दिवशीच बघितला. "अरे, आबा आल्तेत! तिकीट काढून बसलेत! म्या म्हणलं बाल्कनीत चला, तर म्हणले, मला लोकांतच बसू द्या."

मी मशिनीच्या झरोक्याशी गेलो. खाली बघितलं. चौथ्या-पाचव्या रांगेत, टोपल्या-पिशव्या घेतलेल्या बायाबापड्यांच्या मधी, एक बारीक म्हातारा सरळ बसलेला.

माझ्याकडं दहा मिनिटं होती. अकराव्याचा डबा तिथंच, हात लांब केला की हातात. लावायचं का न्हाई? लावलं तर बाजाराची पब्लिक, गाडीची घाई, अन् दहा मिनिटं खाटेवरची बाई. हुर्यो होणार, चपला उडणार, अन् ह्या वेळी आबा त्यांच्या मधी बसलेले. त्यांच्या कानावर ते पडू द्यायचं? न्हाई लावलं तर त्यांना कळणार की कापलंय. कळू दे, म्हणलं. रागावतील, मला शिव्या देतील, पण लोकांच्या टाळ्या तरी ऐकून जातील. मी दहाव्यानंतर बारावं लावलं. आधी केलं ते अडाणीपणानं. हे मात्र पूर्ण विचार करून केलं.

खेळ संपला. टाळ्या पडल्या, खऱ्याखुऱ्या. लोक टोपल्या उचलून गाडीकडं पळाले. मी मशीन बंद केली, तर जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. आबा दारात उभे. दाढी वाढलेली, हातात कापडी पिशवी. मी वाकून पाया पडलो.

"मला पत्र लिहिणारे ते तुम्हीच का?"

"व्हय, साहेब."

"किती वर्षं झाली. तुमचं अक्षर आठवतं मला." मंग मशिनीकडं बघत म्हणले, "दहानंतर एकदम बारावं आलं. अकरावं रीळ वाटेत खराब झालं का?"

खोटं बोलायची सोय त्यांनीच करून दिल्ती. व्हय म्हणलं असतं तर ते तसेच परत गेले असते. पण डबा माझ्या पायाला लागलेला.

"खराब न्हाई झालं. मी काढलं, साहेब. पहिल्याच दिवशी लोकांनी लई हुर्यो केली. तुमच्या नावाला बट्टा लागू ने म्हणून..."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

ते स्टुलावर बसले. मंग एकदम हळू आवाजात म्हणले, "म्हणजे इथं तिला एकच दिवस बघितलं लोकांनी."

"कुणाला, साहेब?"

"माझ्या बायकोला."

मला पहिल्यांदा समजलंच न्हाई. त्यांनीच सांगितलं, रागावून न्हाई, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. "ती नटी नव्हती. आमच्याच घरी, आमच्याच खोलीत घेतलंय ते. तिनंच घ्या म्हणून सांगितलं. दोन महिन्यांनी गेली. निर्माता म्हणाला, असलं कोण बघणार, काढून टाका. मी म्हणालो, एवढं राहू द्या, बदल्यात तुम्ही म्हणाल ते घालतो. त्यानं नाच घालायला लावले, मी घातले. हवालदार घालायला लावला. सिनेमा वाईट झालाय, मला कळतं हो. पण ती दहा मिनिटं राहावीत म्हणून बाकीचा सगळा दिला मी त्याला."

मी वाकून पायापाशी पडलेला डबा उचलला.

"सगळीकडं पडला. मग वितरक म्हणाला, मंठ्याला तिसरा आठवडा चालू आहे. मला वाटलं, तिथल्या लोकांना ती आवडली असेल. म्हणून आलो. एकदा लोकांत बसून तिला बघावं."

मी काय करून बसलो हे मला त्या क्षणी कळलं. सगळा वाईट माल मी जपून ठेवला होता, अन् त्यातलं जे एकटं आबांचं होतं, तेवढंच नेमकं निवडून काढलं होतं. मी रडायला लागलो. डबा उघडत म्हणलं, "आत्ता लावतो, साहेब. खाली जाऊन बसा. हॉल रिकामाच हाय."

"रिकाम्या घरात रोज दिसते हो ती," आबा म्हणले. "लोकांत बघायची होती."

"मंग साडेसहाच्या खेळाला थांबा. त्यात लावतो."

"हुर्यो करतील?"

ह्या माणसाशी आता मला खोटं बोलणं शक्य नव्हतं. "करतील, साहेब."

त्यांनी मान हलवली. पिशवी उचलली. "मग माझ्यादेखत नको. मी गेल्यावर लावा. पण लावा." माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् जिना उतरले. रहीमचाचांनी त्यांना स्टँडवर नेऊन जालन्याच्या गाडीत बसवलं. चाचा परत आले ते डोळे पुसत.

साडेसहाला मी अकरावं रीळ लावलं. शिट्ट्या झाल्या, लोक उठले. शेठ वर येऊन ओरडले, "चालता सिनेमा पाडायला निघालास का? डोकं फिरलं का तुझं?" म्हणलं, "शेठ, मला काढून टाकायचं तर काढा. हे रीळ आता निघणार न्हाई." शेठ शिव्या देत खाली गेले, पण मला काढलं न्हाई. सिनेमा मात्र दोन दिवसांत बसला. आबांनी त्यानंतर सिनेमा केल्याचं ऐकलं न्हाई. मी दोन पत्रं टाकली. ह्या वेळी उत्तर आलं न्हाई, अन् ते यायला पाहिजे होतं असंही मी म्हणत न्हाई.

गुरुवारचा तीनचा खेळ हा शेवटचा. संध्याकाळी पेटी परत जायची होती. पाच-सहा माणसं होती, तीही इंटरवलला निघून गेली. हॉल रिकामा झाला की खेळ बंद करायचा, ही रीत. रहीमचाचा खालून ओरडले, "बंद कर रे, कोई नहीं है." मी बंद केला न्हाई. अकरावं रीळ चढवलं, मशीन चालू केली, अन् ऑपरेटरनं कधीच करू ने ते केलं. मशीन तशीच सोडून खाली आलो अन् चौथ्या रांगेत जाऊन बसलो.

कॅबिनमध्ये मशिनीचा खडखडाट इतका असतो की पडद्यावरचं बारीक बोलणं वर येत न्हाई. अन् खाली तर ह्या रिळाला नुसता कल्ला. त्यामुळं त्या रिळात बोलणं आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मी बघत होतो. खिडकीतून ऊन आत आल्तं. ते हात सावकाश तिचे केस विंचरत होते, गुंता निघत नव्हता तिथं थांबत होते, बोटांनी सोडवत होते. त्या दिवशी कॅबिनमध्ये स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याचेच हात. वेणी संपली. बाईनं हळूच मान मागं वळवली, वर बघितलं, अन् रोजच्या, साध्या आवाजात म्हणाली, "दमलात ना? जेवून घ्या आता."

रीळ संपलं. वर दुसरं लावायला कुणी नव्हतं, म्हणून पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडून राह्यला. एवढे पाच शब्द चार माणसांत बसून ऐकायला आबा इतक्या लांबून आल्ते, अन् मी ते डब्यात बंद करून पायापाशी ठेवल्ते.